रिकाम्या गावातली बाई

"आकाताय सड्यावरसून इली तशी गप आसा," भाकरी थापता थापता सारिका म्हणाली. "काय तरी शिजता हा."

"तुका सगळ्यातच काय तरी शिजताना दिसता," सुदेश म्हणाला आणि राहुटीचा सुटलेला माडाचा झाप पुन्हा बांधायला लागला. पण त्यालाही ते दिसलं होतंच. बहीण आली, पाणी प्यायली, आणि फोन हातात धरून आयेच्या बाजूला बसली ती एक शब्द बोलली नाही.

गावपळणीचा आज शेवटचा दिवस. देवाचा कौल झाला तसं सगळं खारवण गाव गुरं-वासरं, कोंबड्या-कुत्री घेऊन शिवेबाहेर येऊन बसलं होतं. गावात चूल नाही, दिवा नाही, माणूस नाही. तीन दिवस गाव देवाचं. वहाळाच्या अलीकडे माळावर झापांच्या राहुट्या उभ्या राहिल्या होत्या, पोरांची चंगळ होती, म्हाताऱ्यांची भजनं चालली होती, मुंबईवाले तर रजा काढून आले होते. सगळ्या माळावर जत्रेचं वारं होतं. साटमांच्या राहुटीत मात्र काल संध्याकाळपासून हवा पालटली होती, कारण काल संध्याकाळी पुण्याहून आकांक्षा न कळवता येऊन थडकली.

न कळवता येणं हा तिचा स्वभावच नव्हे. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत सत्तर इंजिनिअर हिच्या हाताखाली. ही घरी फोन करायचा तरी आधी मेसेज टाकून विचारते. अशी बाई गावपळणीच्या मधल्या दिवशी माळावर उतरते म्हणजे काय? सारिकाला काय ते कालच कळलं होतं. आल्या आल्या नणंदेने आयेच्या गोळ्यांची पिशवी उलटीपालटी करून बघितली, पायाची सूज दाबून बघितली, आणि सारिकाच्या तोंडावर म्हणाली, "वजन उतरलंय हिचं." पुण्याच्या मराठीत. आकांक्षा खुशीत असली की मालवणीत बोलते आणि मनात काही असलं की ऑफिसचं मराठी काढते. घरातलं मांजरसुद्धा हे ओळखतं.

आयेला न्यायला आली आहे ही. आणि गावाला काय दिसणार? सुनेनं नीट बघितलं नाही, म्हणून लेकीनं नेली.

सारिकाने भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली. बघितलं नाही म्हणजे काय केलं तिने? दुपारचं ताट वाढून स्वयंपाकघरात हाक मारते, तर सासूबाई ताट उचलून माजघरात जाऊन बसतात. एकट्या. विचारलं तर म्हणतात, "थंय वारो बरो येता." कसला वारा! माजघराला खिडकी एक, तीही फणसाच्या बाजूची. सुनेच्या पंगतीला बसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. गणपती झाल्यापासून हे असं चाललं होतं आणि सारिकाने ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

पण आकांक्षाला ते ठाऊक होतं. गणपतीत तिनेच माजघरात कॅमेरा बसवला होता. बाबा गेल्यावर आये दुपारभर माजघरात एकटीच पडून असते, तोल जाऊन पडलीबिडली तर कळावं, एवढाच हेतू. मग ऑफिसच्या मीटिंगा चालू असताना लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडी ठेवायची तिला सवय लागली. इकडे लोक आकडे मांडतायत, तिकडे कोपऱ्यात माजघर. आवाज अर्थातच बंद. आणि त्या चौकटीत रोज तेच दिसायचं: अंधाऱ्या माजघरात जमिनीवर बसलेली आये, पुढे ताट, आजूबाजूला कोणी नाही. घरात दोन धडधाकट माणसं असताना! ते बघून बघून एक दिवस आकांक्षाने ठरवून टाकलं, आयेला पुण्याला आणायचं.

आज सकाळी ती रेंज शोधत माळामागच्या उंच सड्यावर चढली, कारण ऑफिसात रात्री काहीतरी बंद पडलं होतं आणि वरचे साहेब विचारत होते, कोणी केलं. आकांक्षाने सड्यावरच्या काळ्या कातळावर उभं राहून सगळ्यांना ठणकावलं, "माणूस शोधू नका. आधी घड्याळ जुळवा. आधी काय घडलं, मग काय घडलं, ते लावा. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी." हा तिचाच नियम. तिच्या टीमच्या भिंतीवर लिहून लावलेला. त्या नियमावर तिने भाषणंही दिली होती.

फोन ठेवला नाही तोच तो किणकिणला. *माजघर. व्यक्ती दिसली. आत्ताच.*

खाली एक स्थिरचित्र. आयेचं कपाट सताड उघडं आणि त्यात वाकलेली एक पाठमोरी बाई. हिरव्या काठाची साडी. व्हिडिओ उघडायला गेली तर नुसतं चक्र फिरत राहिलं. रेंज पुन्हा गेली होती.

गाव रिकामं. गावात शिरायची कुणाची छाती नाही. आणि आपल्या घरात बाई. हिरव्या काठाच्या साड्या तिनेच गणपतीला आणल्या होत्या, आयेला आणि वहिनीला एकसारख्या, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको. आये तर खाली राहुटीत बसली आहे, चालताना तिला आधार लागतो. मग उरलं कोण? एकदा ते नाव मनात आल्यावर बाकी सगळं आपोआप जुळत गेलं. सकाळपासून वहिनी दिसली नव्हती. काल आयेला न्यायची कुणकुण लागताच तोंड उतरलं होतं. आये जायच्या आधी कपाट बघून घ्यायचं, आणि त्याला याहून चांगला दिवस कुठला? सड्यावरून उतरेपर्यंत आकांक्षाच्या डोक्यात सगळं पक्कं झालं होतं.

"वहिनी," आता ती म्हणाली, "सकाळी कुठे होतीस?"

"वहाळार. भांडी घासूक."

"इतका वेळ?"

सारिकाने पिठाचे हात तसेच ठेवून तिच्याकडे बघितलं. "ही काय तुझी मिटिंग हा, आकाताय? माका काय विचारूचा हा ता सरळ विचार."

"सरळ विचारते. आपल्या घरात कोण गेलं होतं? कॅमेऱ्याने टिपलंय. मघाशी. आयेचं कपाट उघडताना."

आयेने खांद्यावरची निळी शाल ओढून घेतली. दिवाळीत लेकीने दिलेली ही शाल माळावरच्या गारठ्यात पहिल्यांदाच अंगावर आली होती.

"घरात? खंयच्या घरात?" हा आवाज दारातून आला. धोंडूकाका. बाबांचा चुलतभाऊ, आणि नेमका नको तेव्हा उगवणारा माणूस. संध्याकाळच्या कौलाचं विचारायला आला होता तो. गाव पुन्हा भरायच्या आधी देवाला विचारतात, आणि त्या वेळी साटमांतर्फे उभं राहायचा मान बाबांकडून सुदेशकडे आला होता. तो मान आपल्या घरात यावा म्हणून धोंडूकाका किती वर्षं टपून होता हे सगळ्या भावकीला माहीत होतं. ज्याच्या घरातलं माणूस गावपळणीत शीव ओलांडून आत गेलं, त्याने देवापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

"काय ता सांग मगे, आकू," धोंडूकाका आत येऊन ऐसपैस बसला. "देवाच्या गावात शिरलो कोण?"

सुदेशने झापाची दोरी सोडली. त्याच्या डोळ्यांपुढे कोंबडी आली होती. निघायच्या दिवशी अंड्यांवर बसलेली कोंबडी हलवता येईना, तेव्हा सारिकाने तिच्यापुढे तांदूळ आणि पाणी ठेवलं होतं, आणि वाटभर डोळे पुसत आली होती. काल रात्रीही म्हणाली, "पाणी सपला आसतला तिचा." गेली असणार ही. माया करायला लागली की हिला काही सुचत नाही. कपाटाचं काय ते देव जाणे, पण गेली असणार.

"मी गेल्लंय," सुदेश म्हणाला.

"दादा!"

"गेल्लंय म्हणान सांगतंय मा? कोंबडेक पाणी दिवक. माझी चूक. बोला, काय बोलूचा हा ता."

धोंडूकाकाने हात पुढे करून आकांक्षाकडून फोन घेतला, लांब धरून, जवळ धरून बघितला. "ह्येच्यात तर बाईलमाणूस दिसता. सुदेशा, लुगडा नेसान गेल्लंस काय रे मेल्या?"

एरवी या वाक्याला राहुटी कोसळेपर्यंत हसली असती. सुदेशने चित्र बघितलंच नव्हतं.

"त्येका कशाक विचारतंस, धोंडू?" आये शांतपणे म्हणाली. "मी गेल्लंय."

"तू? सत्यवती वैनी, तुका राहुटीतसून भायर काढूक दोघा लागतत."

"गेल्लंय. माझा घर, माझा कपाट. देवाक काय सांगूचा ता मी सांगतंय."

आये थाप मारते आहे हे शेंबड्या पोराला कळलं असतं. ती सुनेकडे बघतही नव्हती, आणि त्यावरूनच ती कुणाला पाठीशी घालते आहे ते कळत होतं. आकांक्षाला वाटलं, बघा, आयेलाही माहीत आहे! मुलगा झाकतोय, सासू झाकतेय, आणि जिने केलं ती भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून बसली आहे.

आता सगळे सारिकाकडेच बघत होते.

सारिकाने हात पाण्यात बुचकळले, पदराला पुसले. तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं.

"मी नाय गेलंय," ती म्हणाली. "आकाताय माका चोर म्हणता, ता माका कळता. ती लांब रवता, तिका काय म्हायत? पण तुमी दोघा? घोवान सांगल्यान मी गेल्लंय, सासून सांगल्यान मी गेल्लंय. कोणासाठी सांगल्यात? माझ्यासाठीच मा? म्हणजे तुमी दोघांनीय मनात धरल्यात, हीच गेली. एकानय विचारूक नाय, सारिका, तू गेल्लंस काय गो."

सुदेश तिच्याजवळ यायला निघाला.

"चला," सारिका उठली. "वर चला सड्यार. ह्या मेलेला चित्र नको माका. चलता-बोलता बघूया. ती बाई कोण ती सगळ्यांका दिसांदे. धोंडूकाकानू, तुमीय चला, तुमका तर बघूचाच हा."

आये राहुटीत राहिली. बाकी चौघं कातळावरून चढायला लागली, सारिका सगळ्यात पुढे. आकांक्षा मागून येत होती आणि तिच्या मनात कुठेतरी काहीतरी टोचायला लागलं होतं. चोर इतक्या तावातावाने पुराव्याकडे धावत नाही.

"आणि एक सांग, आकाताय," सारिका मागे न बघता म्हणाली, "कुलूप घालूच्या आधी मेन स्विच मीच बंद केलंय. गावात दिवो ठेवूचो नसता. तुझो कॅमेरो काय देवाच्या उजेडार चलता?"

आकांक्षा जागच्या जागी थांबली.

मेन बंद. मग कॅमेरा मघाशी काही टिपूच शकत नाही. तो संदेश 'आत्ताच' आला होता, पण आला म्हणजे फोनपर्यंत पोचला तेव्हा आला. कॅमेऱ्याचे संदेश दोन-दोन दिवस कुठेतरी अडकून मग एकदम येतात, हे तिने आधीही बघितलं होतं. चित्र कधीचं? तिने बघितलंच नव्हतं. घड्याळ! आधी घड्याळ, मग माणूस! सत्तर जणांना शिकवलेलं, भिंतीवर लावलेलं, आणि आज सकाळी याच कातळावर उभं राहून ओरडून सांगितलेलं. ती बाई कुणी अनोळखी असती तर आकांक्षाने वेळ तपासली असती. पण नाव आधीच मनात होतं. गणपतीपासून होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"वैनी, थांब. माका कळला. चल, खाली जावया," ती म्हणाली. मालवणीत.

"नाय," सारिका म्हणाली. "आता बघूचाच."

सड्यावर वारा भणाणत होता. व्हिडिओचं चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं आणि चित्र हललं. कोपऱ्यात तारीख होती, गाव सोडायच्या दिवसाची. वेळ सकाळची. खिडकीतून ऊन आत आलेलं. कपाटातून बाई सरळ झाली आणि वळली. ती आये होती. हातात निळी शाल.

धोंडूकाका खाकरला. "म्हणजे कोण गेलाच नाय."

"कोण नाय, काका."

"पण सुदेश तर सांगता, मी गेल्लंय. चार जणांनी आयकला आसतला. गाव काय तुझा चित्र बघूक येतला? गाव शब्द धरता."

"मग शब्दच देते मी," आकांक्षा म्हणाली. "कौलाच्या आधी सगळ्या मानकऱ्यांपुढे उभी राहून सांगते, आकांक्षा साटमने न बघता आळ घेतला आणि भाऊ बायकोला वाचवायला खोटं बोलला. दादाचं नाव निघायच्या आधी माझं निघू दे."

"बघूया, बघूया," म्हणत धोंडूकाका उतरायला लागला. त्याचा विश्वास बसला नव्हता. बसून त्याचा फायदाही नव्हता.

सारिका मात्र अजून फोनकडेच बघत होती. चित्रातली आये कपाट बंद करून सरळ कॅमेऱ्याखाली येऊन उभी राहिली होती. मान वर केलेली. तिचे ओठ हलत होते.

"बोलता ती काय तरी," सारिका म्हणाली. "आवाज खंय हा ह्येचो?"

आवाज कायम बंदच असायचा. आकांक्षाने बटण दाबलं.

"...आयकतंस मा, आकू? आमी आता गाव सोडतंव. तीन दिस हयसर कोण नाय. दुपारी तू जेवक येतलंस आणि मी दिसूचंय नाय, म्हणान सांगतंय. घाबरू नको. तुझी शाल घेतलंय, थंय थंडी पडता. सारिकान माझ्या गोळ्यो, माझो कोरो चहा, सगळा बांधून घेतल्यान हा, तू कळजी करू नको." आये जरा थांबली. बाहेरून सारिकाची हाक ऐकू आली, "आये, चला!" आयेने आवाज खाली आणला. "काल तुझो हिरवो दिवो लागलोच नाय गो. मी ताट घेवन वाट बघलंय. मगे जेवलंय एकटीच. तू जेवलंस मा?"

चित्र संपलं.

कोणी बघत असलं की कॅमेऱ्यावरचा बारीक दिवा हिरवा होतो. आकांक्षाला हे माहीत होतं. आयेला माहीत असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती मटकन कातळावर बसली आणि वाऱ्यात तोंड करून रडली, लहानपणी रडायची तशी, आवाज करून. सुदेश बाजूला अवघडून उभा राहिला.

"थंय वारो बरो येता," सारिका स्वतःशीच म्हणाली. गणपतीपासूनचा एक काटा तिच्या मनातून निघाला होता, पण आज दोन नवे रुतले होते. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला. ती एक पाऊल बाजूला झाली. "तुमच्याशी मी घराक गेल्यार बोलतंय," ती म्हणाली आणि उतरायला लागली.

खाली आये भाकरीच्या टोपलीशी बसली होती. तिने कुणाला काही विचारलं नाही. तोंडं बघूनच तिला काय ते समजलं असावं. सारिकाने तीन ताटं काढली, सुक्या बांगड्याचं तिखलं वाढलं, आणि नणंदेपुढचं ताट जरा आपटूनच ठेवलं.

"वैनी, चुकलंय मी."

"भाकरी खा. थंड होता."

ती म्हणाली एवढंच, आणि आपलं ताट घेऊन सासूच्या पलीकडे बसली, नणंदेकडे पाठ करून. सुदेशला ताट कुणी वाढलं नव्हतं. तो दाराशी झाप बांधत राहिला.

आयेने घास उचलला नव्हता. ती आकांक्षाकडे बघत होती, अगदी जवळून, डोळे बारीक करून.

"आये, जेव मगे."

"तू सुरू कर. तू सुरू केल्याशिवाय माका जेवूक येत नाय आता."

आकांक्षाने कसाबसा एक तुकडा मोडला. मग पुण्याहून वाटभर घोकत आणलेलं वाक्य, तिच्याच्याने राहवलं नाही म्हणून, तोंडातून निघालंच. "आये, माझ्यावांगडा पुण्याक येशीत?"

सारिकाची पाठ ताठ झाली.

आयेने सावकाश भाकरी मोडली, तिखल्यात बुडवली. "येयन गो. पण तू सकाळी हापिसाक जातलंस ती रातीक येतलंस. दुपारी थंय मी एकटीच. मगे थंयय कॅमेरो लावशीत काय?"